उन्हाळे लागतात तेव्हा जंतू कशाला धरून बसतो?

लघवीला आग होऊ लागली, चार थेंबांसाठी पुन्हा पुन्हा जावंसं वाटू लागलं की आपल्याकडे ‘उन्हाळे लागले’ म्हणतात. कुणी ‘उन्हाळी लागली’ म्हणतं. मग धण्या-जिऱ्याचं पाणी होतं, सब्जा भिजतो, कोकम सरबत होतं. त्यानं भागलं नाही की डॉक्टर लघवीची तपासणी लिहून देतात आणि ती छोटी बाटली माझ्या टेबलावर येते. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये कल्चरचं, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून ओळखण्याचं काम करते. मिलिलिटरचा हजारावा भाग उचलणारी तारेची कडी लघवीत बुडवायची, मॅकॉन्की अगार या जिवाणूंच्या घट्ट खाद्याच्या थाळीवर रेघोट्या ओढायच्या आणि थाळी रात्रभर ३७ अंशांवर ठेवायची. सकाळी झाकण उघडलं की बहुतेक वेळा गुलाबी, ओलसर, टपोऱ्या ठिपक्यांची रांगोळी दिसते. असे शंभर ठिपके म्हणजे एका मिलिलिटरमध्ये एक लाख जिवाणू. नाव जवळजवळ ठरलेलंच: ई. कोलाय.

मध्यंतरी भाजीच्या गाड्यावर बसणाऱ्या एक मावशी रिपोर्ट न्यायला आल्या होत्या. वर्षात त्यांची ही तिसरी खेप. रिपोर्टमधलं नाव मी वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी विचारलं, “ताई, आत शिरला ते कळलं. पण दिवसातून धार लागते की नाही? नळाखाली धरलेल्या भाजीची माती निघून जाते, मग हा कसा निघून जात नाही?”

इतका नेमका प्रश्न मला वर्गातही कुणी विचारल्याचं आठवत नाही. हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर आहे.

ई. कोलाय हा काही परका जंतू नाही. थिओडोर एशरिश या डॉक्टरांनी १८८५ मध्ये लहान बाळांच्या शीमधून तो वेगळा केला, तेव्हापासून आपल्याला माहीत आहे की तो निरोगी माणसाच्या आतड्यातच राहतो. तिथे त्याचा त्रास नाही. त्रास होतो तो त्याच्यातल्या काही जाती आतड्यातून बाहेर पडून मूत्रमार्गात चढतात तेव्हा. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर लांब असतो, पुरुषाचा त्याच्या चार-पाच पट. म्हणूनच जवळपास निम्म्या बायकांना आयुष्यात एकदा तरी हा संसर्ग गाठतो. त्यात अस्वच्छतेचा ठपका बाईवर ठेवायची जी सवय आहे ती मला फार खटकते. शरीराची रचनाच तशी आहे.

पण मूत्राशयात पोचणं वेगळं आणि तिथे टिकणं वेगळं. मूत्राशय म्हणजे दर दोन-चार तासांनी रिकामी होणारी टाकी. ई. कोलायची लांबी दोन मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचे पाचशे भाग केले तर त्यातला एक. धारेच्या पुढे त्याचा काय निभाव लागणार? शिवाय जिवाणूच्या आवरणावर ऋण विद्युतभार असतो आणि आपल्या पेशींच्या पृष्ठभागावरही ऋणच. दोघं एकमेकांना दूर ढकलतात. भिंतीला नुसतं टेकून राहायची सोयच नाही. रोग करायचा तर आधी काहीतरी घट्ट धरायला हवं. जिवाणूंच्या विषांबद्दल आपण पुष्कळ ऐकतो, पण पकड बसली नाही तर बाकीची हत्यारं वापरायची वेळच येत नाही.

धरायला त्याच्याकडे तंतू आहेत. त्यांना पिलाय म्हणतात, काही पुस्तकांत फिम्ब्री. एका जिवाणूच्या अंगावर असे शेकडो तंतू असू शकतात. तंतूची लांबी जिवाणूच्या निम्मी किंवा त्याच्याएवढी, आणि जाडी सात नॅनोमीटर, म्हणजे आपल्या केसाच्या दहा हजाराव्या हिश्शाइतकी. या बारीकपणाचा उपयोग असा, की अख्ख्या जिवाणूला दूर सारणारं विद्युत ढकलणं या टोकाला फारसं अडवू शकत नाही. अंग लांब ठेवून हात पुढे करावा, तसं.

तंतूची बांधणी पाहण्यासारखी आहे. फिम-ए नावाच्या प्रथिनाचे हजारभर मणी एकापुढे एक अडकवून आणि त्यांना पीळ घालून हा दोर तयार होतो. मण्यांची जोडणी मोठी चतुर आहे. प्रत्येक मण्यात एक खाच रिकामी असते आणि प्रत्येक मण्याला एक शेपूट असतं; मागच्या मण्याचं शेपूट पुढच्याच्या खाचेत बसतं. सुटा मणी भलतीकडे चिकटू नये म्हणून खाचेत तात्पुरतं बोट घालून त्याला बाहेरच्या दारापर्यंत आणून सोडणारं वेगळं प्रथिन आहे, आणि दारात उभं राहून एकेक मणी ओवून बाहेर सरकवणारं आणखी एक. दोर बाहेर येताना सगळ्यात आधी जे टोक बाहेर पडतं, त्यावर असतं फिम-एच. जिवाणूचा खरा पंजा तो. बाकी सगळा दोर या पंजासाठी.

पंजा काय धरतो ते कॉलेजच्या प्रॅक्टिकलला मी डोळ्यांनी पाहिलं आहे. काचपट्टीवर बेकरीच्या यीस्टचा दुधट थेंब घ्यायचा, त्यात ई. कोलायचा थेंब मिसळायचा आणि पट्टी हातात धरून हळूहळू डोलवायची. अर्ध्या-एक मिनिटात तो एकजीव दुधट थेंब फाटतो. नासलेल्या दुधात चोथा आणि पाणी वेगळं व्हावं तशा पांढऱ्या कण्या दिसू लागतात. यीस्टच्या आवरणावर मॅनोज नावाची साखर भरपूर असते. जिवाणू ती धरतात आणि यीस्टच्या पेशी एकमेकींना बांधल्या जातात. आता दुसऱ्या पट्टीवर तेच दोन थेंब, पण आधी मॅनोजच्या पाण्याचा एक थेंब टाकून. किती वेळ डोलवा, दूध फाटत नाही. सगळे पंजे सुट्या साखरेनं आधीच भरून गेलेले असतात. आमच्या बाईंनी त्या दिवशी आणखी एक गोष्ट सांगितली होती: जिवाणू थाळीवर वाढवलेले घेऊ नका, नळीतल्या न हलवलेल्या पातळ खाद्यात दोन दिवस वाढवलेले घ्या, नाहीतर प्रयोग फसेल. त्याचं कारण पुढे येईलच.

हा शोध तसा जुना. जेम्स ड्यूगिड यांनी ई. कोलायच्या या तंतूंचा आणि तांबड्या पेशींच्या गुठळ्या होण्याचा संबंध १९५५ मध्ये मांडला. पुढे १९७७ मध्ये इस्रायलमधल्या ओफेक, मिरेलमन आणि शेरॉन यांनी दाखवलं की माणसाच्या श्लेष्मल, म्हणजे आतल्या ओलसर अस्तराच्या पेशींनाही ई. कोलाय मॅनोजमार्फतच चिकटतो.

आता कुणालाही वाटेल, आपल्या पेशींवर साखर आली कुठून? आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीचं बाहेरचं अंग साखरेच्या छोट्या छोट्या साखळ्यांनी झाकलेलं असतं. चहातली साखर वेगळी. या साखळ्या प्रथिनांना आणि स्निग्ध पदार्थांना जोडलेल्या असतात आणि पेशीची ओळख, संरक्षण, शेजाऱ्यांशी बोलणं अशा कामांसाठी असतात. आपले रक्तगट हीसुद्धा तांबड्या पेशींवरच्या अशाच साखळ्यांची नावं. मूत्राशयाच्या आतल्या भिंतीवर सगळ्यात वर छत्रीसारख्या मोठ्या पसरट पेशी असतात. लघवीतली घाण रक्तात परत झिरपू नये म्हणून त्यांच्यावर युरोप्लाकिन नावाच्या प्रथिनांचं टणक अस्तर असतं. त्यांतल्या एका युरोप्लाकिनवरच्या साखळ्यांच्या टोकाला मॅनोज असतो. ज्या अस्तरानं आपलं रक्षण करायचं, तिथेच जिवाणूला धरायला कडी सापडते.

इथवर येऊनही मावशींचा प्रश्न सुटलेला नाही. फिम-एच आणि मॅनोज यांची पकड स्थिर पाण्यात तपासली तर ती ढिली निघते. झटकन धरली, झटकन सुटली. असल्या पकडीवर धारेसमोर कसं टिकायचं?

उत्तर २००२ मध्ये सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातून आलं. वेंडी थॉमस, एव्गेनी सोकुरेंको, व्हायोला फोगेल आणि त्यांचे सहकारी वाहत्या द्रवात ही पकड मोजत होते. प्रवाहाचा जोर वाढवला की पकड सुटेल, असंच कुणीही धरून चालेल. झालं उलट. जोर वाढला तशी पकड पक्की झाली आणि जोर कमी केल्यावर ढिली पडली.

हे वाचलं तेव्हा मला आजोळच्या विहिरीवरची कळशी आठवली. कळशीच्या गळ्यात दोराचा सरकफास टाकायचा. कळशी काठावर असते तेव्हा फास इतका सैल की एका बोटानं सरकवावा. पाण्यानं भरलेली कळशी लोंबकळली की तोच फास गळ्याला असा आवळतो की सुटण्याची बातच नको. वर आणून टेकवली की पुन्हा सैल. फासाला आवळायची ताकद भारच देतो. फिम-एचचंही तसंच. हा पंजा दोन भागांचा आहे: पुढचा भाग साखर धरतो, मागचा दोराला जोडलेला असतो. दोन्ही भाग एकमेकांना टेकलेले असतात तोवर साखरेची खाच उघडी, सैल राहते. धारेनं जिवाणू ओढला गेला, दोर ताणला गेला, की दोन्ही भाग एकमेकांपासून सुटतात आणि पुढच्या भागाची खाच साखरेवर मिटते. पंजाची ही हालचाल अणुपातळीवर कशी होते ते २०१६ मध्ये झुरिकच्या संशोधकांनी उलगडून दाखवलं. माझ्या प्रॅक्टिकलमधली ती काचपट्टी डोलवण्याची पद्धत मला तेव्हापासून वेगळीच दिसू लागली. आम्ही ती नुसती मिसळण्यासाठी डोलवत होतो. त्या डोलण्यानं पकडीलाही हातभार लागत असणार.

दोराचाही यात वाटा आहे. एकदम हिसका बसला तर पिळलेला दोर स्प्रिंगसारखा उलगडतो आणि मूळ लांबीच्या कित्येक पट लांब होतो. धक्का एकट्या पंजावर येत नाही, शिवाय तो शेकडो दोरांत वाटला जातो. धार थांबली की दोर पुन्हा पीळ घेतात.

सैल पडणंही त्याच्या फायद्याचंच आहे. कायम घट्ट धरलं असतं तर जिवाणू पहिल्या जागेवरच खिळून राहिला असता. शांत वेळी सुटून भिंतीवर पुढे सरकायचं, पसरायचं, आणि धार आली की जागच्या जागी आवळून बसायचं. मावशींची मातीची उपमा इथेच मागे पडते. मातीला धरता येत नाही.

एकदा बसल्यावर तो तिथेच थांबत नाही. चिकटलेल्या जिवाणूला छत्रीपेशी आपल्याच आवरणात गुंडाळून आत घेते. आत त्याला लघवीची धार नाही, पांढऱ्या पेशींची भीती कमी, बरीचशी औषधंही नीट पोचत नाहीत. तिथे तो वाढून दाट वसाहत करतो. अमेरिकेत सेंट लुइसच्या स्कॉट हल्टग्रेन यांच्या गटाने २००३ मध्ये उंदरांच्या मूत्राशयात अशा वसाहतींनी फुगलेल्या पेशी दाखवल्या आणि २००७ मध्ये संसर्ग झालेल्या बायकांच्या लघवीतही त्यांच्या खुणा मिळाल्या. शरीर यावर जालीम उपाय करतं: बाधित छत्रीपेशीच सोडून देतं, त्या लघवीवाटे बाहेर पडतात. पण त्यामुळे खालच्या कोवळ्या पेशी उघड्या पडतात आणि काही जिवाणू तिथे शिरून निपचित पडून राहू शकतात. गोळ्यांचा कोर्स पूर्ण करूनही महिन्या-दोन महिन्यांनी तोच त्रास का उलटतो, त्याचं एक कारण यात आहे. पेशंटनं काही चुकवलं असेलच असं नाही.

शरीराचा दुसरा उपाय मला फार आवडतो. आपल्या लघवीत सगळ्यात जास्त असणारं प्रथिन म्हणजे युरोमोड्युलिन. मूत्रपिंडात ते तयार होतं. टॅम आणि हॉर्सफॉल यांनी ते १९५० च्या सुमारास वेगळं केलं. त्याचा उपयोग मात्र पुढे कित्येक वर्षं स्पष्ट नव्हता. त्याचे लांब लांब धागे होतात आणि त्या धाग्यांवर जागोजागी मॅनोज असलेल्या साखळ्या लोंबतात. म्हणजे भिंतीवर जी कडी आहे तसल्याच कड्यांचं जाळं लघवीत तरंगत असतं. जिवाणूचा पंजा ते धरतो आणि फसतो. झुरिकच्याच शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये हे धागे जिवाणूंच्या तंतूंना कसे वेढतात त्याची चित्रं प्रसिद्ध केली. अशा जाळ्यात अडकलेल्या जिवाणूला धारेत पकड आवळायची सवय उपयोगी पडत नाही, कारण ज्याला धरलं तेच वाहून चाललेलं असतं. युरोमोड्युलिन नसलेल्या उंदरांना हा संसर्ग सहज होतो, असं प्रयोगांत दिसलं आहे.

सगळे जिवाणू मॅनोजच शोधतात असं नाही. मूत्रपिंडापर्यंत चढणाऱ्या ई. कोलायकडे बऱ्याचदा पी-पिलाय हे वेगळे तंतू असतात; ते गॅलॅक्टोज या दुसऱ्या साखरेच्या जोडीला धरतात. ही जोडी ‘पी’ रक्तगटाच्या साखळीत असते आणि मूत्रपिंडातही. फार थोड्या लोकांत ती जन्मतःच नसते, त्यांच्या पेशींना हे तंतू चिकटत नाहीत. आणि बाळांना जुलाब करणारी ई. कोलायची एक जात तर कडी शोधतच नाही. ती सुईसारख्या नळीतून आपलंच एक प्रथिन आतड्याच्या पेशीत टोचते, ते पेशीच्या आवरणावर खुंटीसारखं उभं राहतं आणि मग जिवाणू त्या खुंटीला धरतो. हे १९९७ मध्ये कॅनडात ब्रेट फिनले यांच्या गटाने दाखवलं. त्याआधी सगळ्यांची समजूत होती की ती खुंटी पेशीचीच आहे.

बाईंनी थाळीवरचे जिवाणू का नको म्हटलं होतं, ते आता सांगते. हे तंतू बनवायला बराच खर्च येतो आणि ते सतत बाहेर ठेवले तर शरीराच्या पहारेकऱ्यांच्या नजरेत भरतात. म्हणून ई. कोलायच्या डीएनएत ३१४ अक्षरांचा एक तुकडा बटणासारखा आहे. तो एका दिशेनं बसला की तंतू बनतात, उलटा फिरला की बंद. थाळीवर बहुतेकांचं बटण बंद असतं. न हलवलेल्या पातळ खाद्यात ते चालू असणाऱ्यांची संख्या वाढत जाते. एकाच घोळक्यात काही तंतूवाले आणि काही बिनतंतूचे असतातच, त्यामुळे जागा कुठलीही मिळाली तरी कुणीतरी तयार असतो.

आता व्यवहाराकडे. पकड मॅनोजवर बसते, तर मॅनोजच पाजावा, हा विचार साहजिक आहे. डी-मॅनोजच्या पुड्या औषधाच्या दुकानात आणि ऑनलाइन मिळतात, पुष्कळ जणी घेतात. वारंवार त्रास होणाऱ्या ५९८ बायकांवर ब्रिटनमध्ये याची नीट चाचणी झाली, निष्कर्ष २०२४ मध्ये आले. सहा महिने रोज दोन ग्रॅम मॅनोज घेणाऱ्यांपैकी ५१ टक्के बायकांना पुन्हा संसर्ग झाला. दुसरी निरुपद्रवी पूड घेणाऱ्यांपैकी ५५.७ टक्क्यांना. या फरकाला काही अर्थ लावता येत नाही. काचपट्टीवर जे लख्ख दिसतं ते मूत्राशयात तसंच होईल याची खात्री नसते. सुटा मॅनोज फिम-एचला फार हलका बसतो. त्याहून किती तरी घट्ट बसणारे, मॅनोजला शेपूट जोडून बनवलेले रेणू औषध म्हणून तपासले जात आहेत. मला त्यांच्याबद्दल आशा वाटते. प्रतिजैविकांना न जुमानणारे ई. कोलाय मी रोज थाळीवर पाहते. जिवाणूला न मारता त्याचा फक्त हात सोडवणारं औषध असेल, तर त्याला दाद न देणारी पिढी तयार होण्याचा दबावही कमी राहील.

क्रॅनबेरीचं बरं आहे. तिच्या रसातली काही द्रव्यं पी-पिलायच्या पकडीत अडथळा आणतात, आणि वारंवार संसर्ग होणाऱ्या बायकांना तिचा थोडाफार फायदा होतो, असं २०२३ च्या मोठ्या आढाव्यात दिसलं. मात्र करवंद म्हणजे क्रॅनबेरी नव्हे. दिसायला सारखी वाटली तरी दोघींचं कूळच वेगळं. करवंदं आवडीनं खावीत, पण या कामासाठी नव्हे.

आणि पाणी? जो घट्ट बसला आहे तो धारेनं सुटत नाही, उलट आवळतो, मग पाणी पिऊन काय होणार, असं वाटेल. पण मूत्राशयातले सगळेच जिवाणू भिंतीला धरलेले नसतात. कितीतरी लघवीत नुसते वाढत असतात, कितीतरी युरोमोड्युलिनच्या जाळ्यात अडकलेले असतात, काही गळून पडलेल्या पेशींवर स्वार असतात. ते सगळे बाहेर पडले तर नव्यानं पकड घ्यायला थोडेच उरतात. बल्गेरियात १४० बायकांवर झालेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या सगळ्या कमी पाणी पिणाऱ्या आणि वरचेवर संसर्ग होणाऱ्या होत्या. निम्म्या जणींना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. अर्थात ताप, थंडी, पाठीत कळ, लघवीत रक्त, किंवा बाई गरोदर असेल तर पाण्यावर भिस्त न ठेवता त्याच दिवशी डॉक्टर गाठायला हवेत.

हे दीड लिटरचं मी मावशींना सांगितलं. त्या म्हणाल्या, “पाणी पिईन गं, पण जाऊ कुठं? सकाळी पाचला गाडा लागतो. बाजारात आमच्यासाठी जागा नाही. म्हणून तर दुपारपर्यंत घोट घेत नाही.”

सकाळी पाच ते अकरा, सहा तास. अर्ध्या तासाला एक जिवाणू दुप्पट होतो असं धरलं तर सहा तासांत एकाचे चार हजारांवर होतात आणि त्या सगळ्यांना भिंत चाचपायला निवांत वेळ मिळतो. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ या मोहिमेतल्या बायका सार्वजनिक ठिकाणी बायकांसाठी मोफत, स्वच्छ, सुरक्षित मुताऱ्या मागत आहेत. मावशींच्या रिपोर्टवर जिवाणूचं नाव आहे, संख्या आहे, कुठली औषधं लागू पडतील त्यांची यादी आहे. ही मागणी लिहायला त्यावर रकाना नाही, म्हणून ती इथे लिहिली.